तेवीसची नोंद, बावीसचा पाऊस

हिर्डोशीच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आबांच्या पावसाच्या वह्या आहेत. जून लागला की आबा रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी नळीत ओतून मोजायचे आणि हात पुसून वहीत आकडा लिहायचे. घरासमोर नीरा देवघर धरणाचा फुगवटा, मागे वरंधा घाटाकडे चढत गेलेले डोंगर. हिरडस मावळात पाऊस किती पडतो हे कुणी कुणाला सांगत बसत नाही, पण आबांना तो मिलिमीटरमध्ये हवा असायचा. आकडा चुकला तर ते खोडत नसत. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहीत. जुना आकडा आजही वाचता येतो.

आबा थकल्यावर हे काम आई करू लागली, तीही साडेआठलाच. या वर्षी भाताच्या आवणीला मी आणि ताई दोघंही गावी होतो. वह्या टाइप करून झाल्या होत्या, एका वर्षाची एक फाइल. ताई पुण्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, मी नोकरीत दिवसभर पायथॉनच लिहितो. आवणी उरकल्यावर दुसऱ्या सकाळी मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये सगळी वर्षं एकत्र करून आलेख काढला. दुपारी ताई चहा घेऊन आली. तिने पडद्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

ताई : हे २०२१चं चुकलंय. सगळ्यात उंच काठी एकवीस जुलैला कशी?

मी : वहीत तेवीसला लिहिलंय बघ. साडेआठची नोंद म्हणजे आदल्या चोवीस तासांचा पाऊस, म्हणून तारीख एक दिवस मागे घेतली.

ताई : मग बावीस यायला हवी. बावीसलाच तळीये गेलं ना.

मला उत्तर सुचलं नाही. तळीये घाटाच्या पलीकडे, महाड तालुक्यात. २२ जुलै २०२१ला त्या गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. महाबळेश्वरला त्याच चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्यात तो आकडा तेवीस तारखेच्या सकाळी साडेआठचा म्हणून नोंदला आहे, पण पडला तो बहुतेक बावीसला आणि त्या रात्री. तारखेचा हा फरक कागदावर एका दिवसाचा आहे. आमच्या आलेखात मात्र डोंगर खचण्याच्या आदल्या दिवशीच पाऊस पडून गेला होता.

ताई : कर्नल बंद कर. नोटबुक पहिल्या सेलपासून पुन्हा चालव.

मी : थांब, आत्ता बंद केलं तर पुरावा जाईल. हे सेशन सकाळपासून जिवंत आहे. काय झालं ते अजून त्याच्या पोटात आहे. विचारून तर बघू.

ताई : विचार. पण त्याच्या पोटात काय काय आहे हे तुला तरी माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. मी सेशनमध्ये चाललेल्या ओळींचा इतिहास काढला. पायथॉनशी बोलत बोलत काम करण्याची सवय लावली ती आयपायथनने. फर्नांडो पेरेझ नावाच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने २००१ साली ते स्वतःच्या सोयीसाठी लिहायला घेतलं आणि त्यातूनच पुढे २०१४ साली ज्युपिटर निघालं. त्यात तुम्ही टंकलेली प्रत्येक ओळ क्रमांकासह जपलेली असते. इतिहासात दिसलं ते असं : तारीख एक दिवस मागे घेणारी ओळ नवव्या क्रमांकाला चालली होती आणि तीच ओळ पुन्हा एकतिसाव्या क्रमांकाला. मधे कधीतरी आलेखाचा रंग बदलताना मी वरचा सेल परत चालवला असणार. पहिल्यांदा तेवीसचे बावीस झाले, दुसऱ्यांदा बावीसचे एकवीस. कुठेही एरर आली नाही. येणार कशी? तारखेतून एक वजा करणं पायथॉनला कितीही वेळा चालतं.

मी : सापडलं. बघ, तू म्हणालीस तसं लगेच रीस्टार्ट केलं असतं तर आलेख बरोबर आला असता, पण का चुकलं होतं ते कधीच कळलं नसतं. मी परत तसाच सेल चालवला असता आणि पुढच्या वेळी तू शेजारी नसतीस.

ताई : मान्य. कारण सेशनने सांगितलं. पण चूक झाली तीही सेशनमुळेच. फाइलमध्ये ती ओळ एकदाच आहे. फाइल वाचणाऱ्या माणसाला ती दोनदा चाललीय हे दिसणार कसं? समोर एक लिहिलंय आणि घडलंय दुसरंच. माझं भांडण त्याच्याशी आहे.

तिचं हे म्हणणं मी आधी हलकं धरलं, कारण उपाय सोपा होता. मूळ तारखेच्या रकान्याला हात लावायचा नाही. 'नोंदीची तारीख' तशीच ठेवायची आणि तिच्यातून एक वजा करून 'पावसाची तारीख' असा वेगळा रकाना करायचा. मग तो सेल दहा वेळा चालवा, बावीसची बावीसच राहते. आबांची रेघ मारायची रीत हीच, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. ताईने बोट दाखवल्यावर आलं.

मी : पण मग प्रत्येक चुकीला असा उपाय केला की झालं. सेशन कशाला मारायचं?

ताई : कारण सगळ्या चुका अशा दिसत नाहीत. माझी एक विद्यार्थिनी आली होती. तिने बेरजेचं व्हेरिएबल केलं आणि त्याला 'सम' हेच नाव दिलं. पायथॉनचं स्वतःचं बेरजेचं फंक्शनही त्याच नावाचं. नंतर तिने ते नाव बदललं, ओळ पुसली, तरी पुढचा प्रत्येक सेल म्हणे की हा आकडा आहे, याला फंक्शनसारखं हाक मारता येत नाही. ओळ पुसली होती, पण नाव सेशनमध्ये तसंच होतं. ती दोन तास स्वतःचा कोड वाचत बसली आणि कोडमध्ये चूक नव्हतीच!

मी : नावं पुसायला आयपायथनमध्ये रीसेटची आज्ञा आहे की.

ताई : आहे, पण ती काय काय पुसते? तुझी नावं पुसते. एकदा इम्पोर्ट केलेलं मॉड्यूल पायथॉन आपल्या यादीत ठेवून घेतो, ते तसंच राहतं. मदतीची फंक्शनं वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीस आणि त्या फाइलमध्ये दुरुस्ती केलीस, तर रीसेटनंतर पुन्हा इम्पोर्ट केलंस तरी जुनंच मिळतं. पायथॉन बघतो, हे तर माझ्याकडे आहे, आणि फाइल उघडतसुद्धा नाही.

मी : त्याला रीलोड आहे. ऑटोरीलोड लावलं की फाइल बदलल्या बदलल्या आपोआप नवं येतं.

ताई : आणि आधी बनवलेल्या वस्तू? त्या कधी कधी जुन्या क्लासच्याच राहतात. दोन क्लास, नाव एकच, आणि पायथॉन म्हणतो ही वस्तू त्या क्लासची नाही. हे तू स्वतः मला फोनवर सांगितलं होतंस, गेल्या दिवाळीत. रात्री साडेअकरा वाजले होते.

ते खरं होतं. त्या रात्री शेवटी मी कर्नल रीस्टार्टच केलं होतं. रीसेट आणि रीस्टार्ट यांत फरक आहे आणि नव्याने शिकणाऱ्यांना तो कुणी सांगत नाही. रीसेट म्हणजे घर तेच, सामान बाहेर काढलं. रीस्टार्ट म्हणजे कर्नल, नोटबुकमागे चालणारी पायथॉनची प्रक्रियाच, संपते आणि नवी सुरू होते. मॉड्यूलच्या पोटात साठलेलं, लायब्ररीच्या बदललेल्या सेटिंग, सगळं जातं. उलट सेशनमध्येच राहून 'डेल' या आज्ञेने एखादं व्हेरिएबल काढलं तरी, त्याचा निकाल पडद्यावर छापला गेला असेल तर आयपायथन त्याचा धागा 'आउट'च्या यादीत धरून ठेवतो आणि मेमरी सुटत नाही.

ताईने मग २०१९मधल्या एका अभ्यासाचं सांगितलं. पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी गिटहबवरची सुमारे चौदा लाख ज्युपिटर नोटबुक गोळा केली होती. ज्यांच्यातल्या सेलचा क्रम ओळखता येत होता ती त्यांनी नव्याने चालवून पाहिली. विनाएरर पूर्ण चालली ती साधारण चोवीस टक्के. आणि आधी साठवलेलेच निकाल पुन्हा देणारी फक्त चार टक्के.

मी : त्यात लायब्ररी नसणं, डेटा नसणं, हेही आलंच असेल.

ताई : आलंच. पण जिवंत सेशनमध्ये बसलेल्या माणसाला यातलं काहीच जाणवत नाही. त्याच्यापुरतं सगळं चालत असतं.

मी : जिवंत सेशन नसतं तर कितीतरी कामं झालीच नसती, ताई. नासाचं डीप स्पेस वन यान. मे १९९९मध्ये त्यावर रिमोट एजंट नावाचा प्रोग्राम चालवून बघत होते, यानाने स्वतःचं स्वतः ठरवायचं म्हणून. लिस्पमध्ये लिहिलेला. उड्डाणात तो अडकला. दोन प्रक्रिया एकमेकींची वाट बघत उभ्या राहिल्या. यान कोट्यवधी किलोमीटर लांब. पण लिस्पचा संवाद चालू होता, म्हणून जमिनीवरून त्याची स्थिती विचारता आली आणि कारण सापडलं. तिथे तू रीस्टार्ट करा म्हणाली असतीस?

ताई : नसते म्हणाले. जे पुन्हा घडवता येत नाही त्याला जिवंतपणीच विचारायला हवं. पण तुझ्या समोर यान नाही, आबांच्या वह्या आहेत. त्या शंभर वेळा पहिल्यापासून वाचता येतात.

ताईचं खरं म्हणणं मला इथे थोडं कळू लागलं. तिला बोलत बोलत काम करण्याचा राग नाही. तिने जीएमआरटीचं उदाहरण दिलं. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशची ती रेडिओ दुर्बीण आहे. तिथला डेटा स्वच्छ करायला बरेच जण कासा वापरतात. कासा म्हणजे आयपायथनच्या पोटात बसवलेला खगोलशास्त्राचा संच. त्यात एका कामासाठी दिलेली फाइल किंवा अँटेनाचं नाव सेशनभर राहतं आणि दुसरं काम उघडलं की तिथेही तेच नाव आयतं भरलेलं मिळतं. सोय आहे. पण मागच्या कामातली एखादी निवड नकळत पुढच्या कामात गेली तर तारा भलताच दिसतो. म्हणून तिथे 'डिफॉल्ट' अशी वेगळी आज्ञाच आहे : आधी मूळपदावर आण, मग हवं ते भर.

मी : म्हणजे त्यांनीही सेशन ठेवलंच.

ताई : ठेवलं. पण मूळपदावर यायचा दरवाजा त्यांनी शेजारीच ठेवला. तू सकाळपासून तो उघडलास का?

उत्तर द्यायच्या आत लाईट गेली. पावसाळ्यात गावात हे नवं नाही. बॅटरीवर संध्याकाळपर्यंत चालेल असं मला वाटलं होतं, पण बॅटरी जुनी आहे. पावणेपाचच्या सुमाराला पडदा एकदम काळा झाला. साडेसात तासांचं सेशन गेलं. मी गप्प बसून राहिलो. ताईही काही बोलली नाही, तिने फक्त कंदील पुसायला घेतला.

लाईट आली तेव्हा सात वाजले होते. मी नोटबुक उघडून पहिल्यापासून चालवली. सहाव्या सेलला पहिली एरर : एक नावच सापडत नाही. वह्यांतली महिन्यांची नावं एकसारखी करणारी यादी मी सकाळी एका सेलमध्ये केली होती आणि नंतर पसारा आवरताना तो सेल पुसला होता. यादी सेशनमध्ये होती म्हणून दिवसभर चालत राहिलं. ती यादी आठवून परत लिहिली. पुढे गेलो. २००५च्या फाइलला दुसरी एरर : ही गोष्ट आकड्यात बदलता येत नाही.

ताई : ही एरर सकाळी नव्हती?

मी : सकाळी नव्हती. म्हणजे... थांब.

मी डीबगर लावला. एरर येऊन प्रोग्राम पडला की आयपायथनमध्ये एका शब्दाने तिथेच, त्याच ओळीवर, पडलेल्या क्षणात शिरता येतं. तेव्हा कुठलं व्हेरिएबल काय होतं ते विचारता येतं, वरच्या फंक्शनमध्ये चढून बघता येतं. हे पायथॉनच्या पीडीबी या जुन्या डीबगरमधूनच आलं. २०१८ला आलेल्या ३.७पासून तर 'ब्रेकपॉइंट' एवढं एक फंक्शन लिहिलं की प्रोग्राम तिथे थांबून तुमची वाट बघतो. माझ्या मते पायथॉनमध्ये याहून उपयोगी गोष्टी थोड्याच आहेत. ताईलाही हे आवडतं, कारण प्रोग्राम फाइलप्रमाणे शून्यापासून तिथवर आलेला असतो. तुम्ही फक्त त्याला हात धरून थांबवता.

त्या ओळीवर आकड्याच्या जागी दोन शब्द होते : भरून वाहिलं.

जुलै २००५मधली एक सकाळ. आबांनी आकडा लिहिलाच नव्हता, कारण तो त्यांना कळलाच नव्हता. आमच्या मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की आत वीस मिलिलिटर पाणी जमतं. आतली बाटली चार लिटरची. दोनशे मिलिमीटरला ती भरते. त्यापुढचं पाणी बाहेर सांडलं. पाऊस दोनशे झाला की साडेतीनशे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ताई : आणि सकाळी ही एरर का आली नाही?

आता मला आठवलं. सकाळी ती आली होती. मी तिथल्या तिथे प्रॉम्प्टवर एक ओळ टंकली होती : जे आकड्यात बदलत नाही ते रिकामं धर. ओळ सेशनमध्ये चालली, फाइलमध्ये कधी उतरलीच नाही. आणि तक्ते हाताळणारी पांडाज लायब्ररी रिकामी जागा बेरजेत सोडून देते, तक्रार करत नाही. म्हणजे दिवसभर मी जो आलेख बघत होतो त्यात त्या महिन्यातला सगळ्यात मोठ्या पावसाचा दिवस शून्य धरलेला होता.

ताई : तारखेचं मी ओळखलं, कारण बावीस तारीख माझ्या लक्षात होती. हे मी कधीच ओळखलं नसतं. लाईट गेली नसती तर तूही नसतंस.

मी : पण शब्द काय आहेत हे डीबगरने दाखवलं. नुसतं शून्यापासून चालवून एरर आली असती आणि मी पुन्हा तोच रिकामा इलाज केला असता. त्या ओळीवर उभं राहिलो म्हणून आबांचे शब्द दिसले.

ताई : ते मी नाकारत नाही. तू हवं तेवढं आत शीर, हवं ते विचार. फक्त आत उभं राहून काही बदलू नकोस. बदल ठरला की बाहेर ये, फाइलमध्ये लिही आणि मग परत पहिल्यापासून ये.

हे मी पूर्ण मानलं नाही, अजूनही मानत नाही. आत उभं राहून बदलून पाहिल्याशिवाय कोणता बदल बरोबर ते कळत नाही. त्या रात्रीही मी डीबगरमध्येच आधी रिकामं, मग दोनशे, असं दोन्ही धरून महिन्याची बेरीज किती हलते ते पाहिलं. दोनशे मिलिमीटर म्हणजे थोडाथोडका फरक नाही. शंभर चौरस किलोमीटरवर तेवढा पाऊस म्हणजे दोन कोटी घनमीटर पाणी, सुमारे ०.७ टीएमसी. आणि समोरचं आख्खं धरण ११.७३ टीएमसीचं. पण सकाळची ओळ मी लिहिली नाही म्हणून ती हरवली, आणि हरवलीय हेसुद्धा मला समजलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. ती ओळ टंकायला मला दहा सेकंद लागली असतील.

मी : मग काय धरू? दोनशे?

ताई : आबांनी दोनशे लिहिलं का?

मी : नाही.

ताई : त्यांना येत नव्हतं का लिहिता? बाटली किती लिटरची हे त्यांना पाठ होतं. तरी नाही लिहिलं.

आई आतून म्हणाली, त्या रात्री ते दोनदा उठून अंगणात गेले होते, पण पाऊस एवढा होता की मापकापर्यंत जाऊ दिलं नाही आम्ही. नंतर बरेच दिवस त्यांना ते लागलं होतं.

शेवटी आम्ही एक नवा रकाना केला, 'किमान'. त्या दिवशी आकड्यात दोनशे आणि किमानमध्ये 'हो'. बेरजेच्या खाली आलेखात टीप : या महिन्यात एक नोंद अपुरी, खरा पाऊस याहून जास्त. आबांचे दोन शब्द आम्ही तिसऱ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवले. आणि असा शब्द पुन्हा कुठे आला तर प्रोग्रामने स्वतःहून काही न धरता थांबावं आणि ती ओळ दाखवावी, हेही लिहिलं. बाकीच्या वह्यांत आणखी दोन ठिकाणी तो थांबला. एकीकडे 'बाटली फुटली' होतं, दुसरीकडे नुसती आडवी रेघ आणि शेजारी काहीच नाही. तिथे आम्ही बराच वेळ थांबलो. पेटीतून मूळ वही काढली, उजेडाशी धरून बघितली. ती जागा रिकामीच ठेवायची आणि रिकामी आहे असं लिहायचं, हे ताईने ठरवलं.

साडेनऊला लाईट परत गेली.

ताई : कर्नल बंद करून एकदा पहिल्यापासून चालव.

मी : बॅटरी अकरा टक्के आहे.

ताई : किती वेळ लागतो पूर्ण चालायला?

मी : चाळीस सेकंद.

ताई : मग चालव.